सातवा प्रकार

वार्दोमध्ये डिसेंबरात सूर्य उगवत नाही.
दहाच्या सुमाराला खिडकी जरा निळी होते,
तेवढ्यात मी बदाम सोलून घेते.

सात प्रकार. सहा केले तर घर आळशी,
आठ केले तर शेजारची ओगूट विचारणार,
"यंदा कोणाला दाखवायचंय?"
सात. आईचं एवढंच गणित पक्कं होतं.

आधी सांडकाकर.
पन्हळीच्या इवल्या वाट्यांत पीठ अंगठ्याने दाबायचं,
तळाशी पातळ, कडेला त्याहून पातळ,
भाजून झालं की वाटी उपडी करून टकटक,
दार उघडा म्हटल्यासारखी.
निम्म्या उघडत नाहीत.
त्यांचा चुरा उभ्याउभ्या खायचा, तो मोजत नाहीत.

मग 'गरीब माणूस'. खरंच हेच नाव.
बारा अंड्यांचे बलक, घट्ट साय, वर ब्रँडी,
तळून होईतो तळणारा गरीब होतो,
असं ऊद्लाइफ दर वर्षी म्हणतो
आणि मी दर वर्षी हसत नाही.

बर्लिनच्या कड्या: उकडलेला बलक कच्च्या बलकात मोडायचा.
काकवीचे शंकरपाळे, प्रत्येकाच्या पोटावर अर्धा बदाम.
हरणशिंगाच्या मिठाची वेटोळी,
ती तळताना नवसागरासारखा वास डोळ्यांत जातो
आणि रडायला आयतं कारण मिळतं.
क्रुमकाके तव्यावरून निघाली की फक्त तीन श्वास,
तेवढ्यात लाकडी शंकूवर गुंडाळली तर गुंडाळली,
नाहीतर तशीच राहते, सपाट, हट्टी,
राग्नफ्रीडसारखी.

सहा डबे झाले. राहिलं गोरो.

आई गेली तेव्हा बिडाचा साचा माझ्याकडे आला
आणि वही माझ्या बहिणीकडे.
कोणी काय लाटलं, यावर अकरा वर्षं गेली.
ती वाद्सोला असते, पंचाहत्तर किलोमीटर,
याच समुद्राच्या कडेने.
मी अंदाजाने पीठ भिजवते, साचा मिटते, उलटते, उघडते.
नक्षी हुबेहूब आईची उमटते.
चव भलत्याच कोणाची तरी.

काल एस्किलने एक खाल्लं आणि विचारलं,
"आजीचं अस्संच लागायचं?"
हो म्हटलं.
मग माझ्या तोंडातला घास खाली उतरेना.

फोन लावला. ती म्हणाली, "कोण गेलं?"
"कोणी नाही. गोरोत वेलची किती?"

बराच वेळ नुसता वारा, तिच्याकडचा की माझ्याकडचा कोण जाणे.
मग खण ओढल्याचा आवाज. पानं.
ती वाचू लागली, शाळेत वाचायची तशी, बोट ठेवून:
साय एक कप, फेटून.
साखर तेवढीच. अंडं एक.
ब्रँडी एक चमचा, "आणि एक बाबांना," असं लिहिलंय.
लोणी. पीठ. वेलची...

"वेलची काय?"
"इथे लोण्याचा डाग आहे. आकडा दिसत नाही."
"कधीपासून?"
"पहिल्यापासून."
"मग तू इतकी वर्षं कशी करतेस?"
"मी कुठे करते? साचा आहे का माझ्याकडे?
सहा करते. सातवा दुकानातून आणते,
डब्यातून काढून आईच्या ताटात मांडते.
कोणाला सांगू नकोस."

मला हसू आलं. तिला ऐकू गेलं असणार.

ये, असं मी म्हटलं नाही.
म्हटलं, साचा अजून गरम आहे.
ती म्हणाली, रस्ता बंद आहे,
बर्फ काढणाऱ्या गाडीमागून रांगेने सोडतील, तेही उद्या,
वारा पडला तर.
बिडाचा आहे, म्हटलं. लवकर निवत नाही.

फोन ठेवला आणि एस्किलला खलबत्ता दिला,
वेलचीची पुरचुंडी सोडून पुढ्यात ठेवली.
"किती कुटू?" तो म्हणाला.
कुट तर खरं.
वास आला की सांगते.