चार छेदांचा डबा

वाटणी झाली तेव्हा सगळं मोजून झालं.
वरचा मजला मोठ्याला, खालचा मला,
पितळी घंगाळ तिकडं, शिलाई मशीन इकडं,
नळाच्या मोटरचं बटणसुद्धा ज्याचं त्याचं.
राहिली ही एक वायर,
वसमत रोडच्या खांबावरून आलेली,
जिन्याच्या वळणावर मीटरच्या पेटीशेजारी
पांढऱ्या डब्यात शिरणारी.

मुजाहिदभाई शिडीवरून बोलला,
"दुसरा कनेक्शन कायको साब?
एक डब्बा, चार छेद, दोनो घर चलते."
आम्ही दोघं भाऊ दोन पायऱ्यांवर,
दोघांनीही त्याच्याकडंच बघून मान हलवली.
जाताना तो पक्कड विसरून गेला.

पहिल्या छेदात माझा कंप्युटर,
परभणीभरच्या दुकानदारांची जीएसटी पोटात घेऊन बसलेला.
दुसऱ्यातून निळी वायर स्लॅबला भोक पाडून वर,
मोठ्याच्या खात्यावह्यांकडं आणि प्रांजलीच्या टेबलाकडं.
तिसऱ्यात प्रिंटर. तो मला आला वाटणीत.
चौथ्यात हर्षदचं गेमचं यंत्र,
नांदेडहून जुनं आणलेलं,
चालू झालं की पंख्यासारखं घरघरतं.

डब्याचं एक पान असतं, पासवर्डाआडचं.
कोण कोण जोडलंय त्याची यादी दिसते त्यात.
मोठा झोपताना फोनचं वायफाय बंद करतो,
लहरी डोक्यात जातात म्हणतो, आधीपासून.
म्हणून मला कळतं.
बोलणं बंद होऊन सात महिने झाले,
आणि रात्री साडेतीनला
त्याचा फोन यादीत असतो.
हे मी कुणाला सांगणार? बायकोलाही नाही.

मग एकदा गाडी लावण्यावरून वाजलं.
त्या रात्री मी त्या पानावर गेलो
आणि निळ्या वायरीपुढं शंभराच्या जागी
एक लिहिला.
नुसता एक.
वरच्यांना काय कळतंय,
देतील कंपनीला शिव्या.

मे महिना. रात्रीचे सव्वाअकरा,
भिंतीला हात लावावा तर तवा.
वर खुर्ची सरकली, परत सरकली,
आणि जिन्यात प्रांजली,
"हर्षद्या, बंद कर की रे ते गेम!
बाराला मुदत संपायलीय, फॉर्म जाईना गेलाय माझा!"
त्याच्या कानावर हेडफोन.
मी जाऊन ते ओढले, ओरडलो पोरावर,
"कळत नाही का तुला?"
पोरगं नुसतं बघत राहिलं.
त्याला कळण्यासारखं काही नव्हतंच.

मी एक खोडला, शंभर लिहिले.
डब्यानं ते ऐकायला आधी मरावं लागतं,
म्हणून बटण दाबलं जिन्यात जाऊन.
सगळे दिवे गेले.
दोन्ही मजल्यांवरून एकदमच "अरे!"
आणि मोठा खाली आला, बनियनवर,
वळणावर थांबला.
"लागले का?" त्यानं डब्याला विचारलं.
"लागायलेत," मी डब्याला सांगितलं.
एक लागला. दुसरा बराच वेळ तांबडाच.
त्याला घाम आलेला, मलाही,
कूलर तेवढे दोन्हीकडं चालू.
मग हिरवा.
तो काही न बोलता वर गेला, दोन-दोन पायऱ्या.

बाराला चार मिनिटं असताना
माझ्या खोलीत प्रिंटर कण्हला.
सात महिन्यांत वरून त्याला काही आलं नव्हतं.
पावती निघाली, कोमट,
कोपऱ्यात प्रांजलीचा फोटो,
कपाळ थेट बापाचं. म्हणजे माझंही.
तो कागद मी नेऊन डब्यावर ठेवला,
उडू नये म्हणून वर मुजाहिदची पक्कड.
हाक मारायला तोंड उघडलं होतं.
राहिलं.

झोप आली नाही.
साडेतीनला पान उघडून बघितलं,
माझा कंप्युटर, प्रिंटर,
हर्षदचं यंत्र (मी सांगूनही चालूच),
आणि दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिलं,
मोठ्याचा फोन नव्हता.