तासांचा रकाना

चाकणला मी बोल्टची किंमत काढतो,
तीन दशांश स्थळांपर्यंत.
शनिवारी सहकारनगरात,
गिरणीवरच्या दोन खोल्यांत,
गोधडीची.

खाली ज्वारी दळतात, वर टेबल थरथरतं,
कीबोर्डवर पिठाचा पातळ थर.
औषधांची खोकी आखणारी तस्नीम
आज लेबलं आखतेय.
गोगटे वकील करार मोठ्यानं वाचून दाखवतात,
अडखळत.
समोरच्याला कळेल असं
त्यांनी तीस वर्षांत लिहिलंच नव्हतं.

मी विचारतो, कापड? दोरा? टाक्यांचे तास?
हौसाबाई लोंढे पेरांवर मोजत सांगतात,
मध्येच थांबतात.
"सुईत दोरा ओवायला नात लागते मला.
तिची शाळा सुटेस्तोवर बसून राहते.
ते धरायचं का?"

वाट बघण्याला माझ्याकडे रकाना नव्हता.
केला.

मग पदरानं चष्मा पुसून
त्या स्क्रीनकडे वाकल्या.
"आणि तुमचं कुठंय ह्यात?"
माझं काही नाही, म्हटलं, मी असाच येतो.
"असाच कसा? पेट्रोल जाळून येताय की."

खाली गिरणी बंद पडली.
टेबल एकदम गप्प.

"मग हा भाव खोटाच म्हणायचा.
उद्या तुम्ही नाही आलात,
तर कुणाच्या जिवावर खरा करायचा?"

गोगटे वाचायचे थांबले.
मी एक ओळ वाढवली:
हिशेबनीस, चार तास.
दराच्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला.

"टाक्याचाच लावा," हौसाबाई म्हणाल्या,
"जास्त नको."