सहा इंची पट्टी

सेलूत कुठं पंचनामा असला की ठाण्यातून फोन येतो
आणि मी लग्नाचा कॅमेरा घेऊन निघतो.
दुसरा नाही माझ्याकडं.

लग्नात मी सारखा बोलत असतो:
हनुवटी वर, नवरदेव जरा जवळ,
मावशी, पदर नीट करा.
इथं कुणाला काही सांगायचं नसतं.
पदर नीट करायचा नाही, असाच नियम आहे.
जखमेशेजारी माप लागतं म्हणून
लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी नेतो,
सहा इंची. कोपऱ्यात तिनं पेनानं काढलेलं फूल.

वच्छला ढगे. वय सव्वीस.
जिनिंगच्या मागं, सरकीच्या ढिगाजवळ.
"उंचावरून पडून मयत"
हे मी फोकस लावायच्या आधीच लिहून झालं होतं.
मी अठ्ठावीस फोटो काढले.
उजव्या हातातल्या बांगड्या शाबूत.
डाव्या मनगटावर चार बोटं उमटलेली.
पडणाऱ्या माणसाला हवा असं धरत नाही.

संध्याकाळी स्टँडवर चहाला गेलो
तर तिचा फोटो माझ्या आधी पोचलेला.
माझा नव्हे. कुणीतरी कुंपणावरून मोबाइलवर काढलेला, वाकडा.
त्यात मनगट नव्हतं.
बाकी सगळं होतं.
पोरं दोन बोटांनी मोठं करून बघत होती.
एकजण म्हणाला, अरारा,
आणि पुढं पाठवला.

चौथ्या दिवशी दीर आला. कडक इस्त्री, मऊ बोलणं.
घराण्याची अब्रू म्हणाला.
मेलेल्या बाईची विटंबना नको म्हणाला.
कार्ड पुसून टाका, काय होईल ते देतो म्हणाला.
त्यातलं एक वाक्य खरं होतं,
म्हणूनच मला झोप लागली नाही.

मग थोरली बहीण, गयाबाई, बोरीहून.
ठाण्यात तिला सांगितलेलं, फोटो गोपनीय आहेत.
"हाटेलात पोरं बघायलेत, आन मला गोपनीय?"

मी म्हटलं, मनगटापुरता कापून देतो. बाकीचं नका बघू.

"कापू नका. कापलेला चालत न्हाई, वकिलाला इचारून आले.
आन नका बघू काय म्हणता?
सहा म्हयन्याची होती तवापासून म्याच न्हाऊ घातलंय तिला.
समदा द्या. पण माझ्या हातात द्या.
आन जजसायबाच्या.
तिसऱ्याच्या न्हाई."

पेपरवाला विचारत होता, मी म्हटलं. जिंतूरचा. छापतो म्हणाला,
छापल्याशिवाय फाइल हलत नाही म्हणाला.
ती बराच वेळ बाकावर बसून राहिली,
समोर भिंतीवर बारशाचे, साखरपुड्याचे नमुने.
"चार बोटं दाखवा त्यायला. तिचं तोंड नका दाखवू."
आणि पिशवी उचलता उचलता,
"तोंड न बघता लोक इश्वास ठेवतेत का हो?"

मला उत्तर आलं नाही.
अजून येत नाही.

ठाण्याला पाच प्रती जातात. सहावी काढायची नसते.
शटर अर्धं ओढून रात्री सहावी काढली.
प्रिंटर वरून खाली सरकत छापतो,
आधी केस, मग कपाळ.
मी आडवा पुठ्ठा धरून उभा राहिलो,
दुकानात माझ्याशिवाय कुणी नव्हतं तरी.
लिफाफे सगळे "शुभविवाह" छापलेले, गणपतीसकट.
गयाबाईनं तो उलटा केला
आणि पिशवीत तळाशी घातला, भाकरीच्या फडक्याखाली.

परभणीची तारीख दोनदा पुढं गेली.
ठाण्याकडं माझं बिल थकलंय, ते वेगळं.

लेक पट्टी मागत होती.
डेटॉलनं धुतली होती, तरी दिली नाही.
नवी आणली.
तिनं उलटीपालटी करून बघितली,
म्हणाली, हिच्यावर फूल नाही.

फूल अकस्मात मृत्यूच्या फाइलीत आहे,
मनगटाला लागून,
पावणेतीन इंचांच्या पुढं.