चौतीस किलो

कुंभोजकरांचा पहिला फोन आला तेव्हा
अब्बांचा हात कोपरापर्यंत भोपळ्यात होता.
माल काय? तंबोरे.
किती? बारा.
कुठं? रॉटरडॅम.
आजवर मिरजेतून आमचा माल लांबात लांब
धारवाडपर्यंत गेलेला, एसटीनं,
अब्बांच्या मांडीवर.

मग कागद यायला लागले.
तंबोऱ्याला आकड्यांचं नाव मिळालं,
ब्याण्णव शून्य दोन.
"सतारीचं काय मग?" तेच.
"आणि गिटार?" तेच, अब्बा.
त्यांनी कानस उचलली
आणि दुपारपर्यंत बोलले नाहीत.

लाकूड कुठलं, कुंभोजकरांनी विचारलं.
तून.
शास्त्रीय नाव लागेल.
"तून म्हणजे तून," अब्बा म्हणाले,
"आमच्या वालिदांनी कापलं तेव्हाही तूनच होतं."
रात्री मी ते लॅटिन नाव शोधलं,
मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं.
सकाळी अब्बा ते एकेक अक्षर लावून वाचत होते,
घरात आलेल्या नव्या सुनेचं नाव वाचावं तसं.

घोडी कशाची?
शिंगाची असेल तर एकही चालणार नाही.
नाही, आबनुसाची आहे.
तरी अब्बा उठले,
फडताळातली दादांच्या वेळची घोडी काढली,
रुमालात गुंडाळून आत नेऊन ठेवली,
जणू कस्टमवाले चहाला येणार होते.

पेट्यांच्या फळ्या कुपवाडच्या एमआयडीसीत भाजून आणल्या.
प्रत्येकीवर शिक्का: गव्हाची लोंबी, दोन अक्षरं, एक नंबर.
कीड मेल्याचा दाखला.
"आपण लाकूड दहा-दहा वर्षं वाळवतो," अब्बा म्हणाले,
"त्याला नाही शिक्का.
पेटीला आहे."

विमानानं पाठवलं तर?
कुंभोजकरांनी मोजमापं मागितली.
तंबोरा साडेचार किलो.
पेटीसकट बावीस.
लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले सहा हजार,
विमानाच्या हिशेबात छप्पन्न.
वरचे चौतीस कसले?
"जागेचे," मी म्हटलं. "पोकळीचे, अब्बा.
पोकळीलाही भाडं आहे."

अब्बा इतके हसले की
शेजारचा मुनाफ खुंट्या टाकून बघायला आला.
"चाळीस वर्षं पोकळीच तर करतोय मी,"
डोळे पुसत म्हणाले, "कुणी तोलली नव्हती.
भोपळ्याच्या आतली धरलीय का यात?
तिचं वेगळं लाव की म्हणावं!"

जहाजानंच ठरलं.
जहाजावर माल चढेपर्यंत जोखीम आमची,
त्यापुढं त्यांची.
रेघ नेमकी कुठं, हे मी दोनदा विचारून घेतलं.
अब्बांनी एकदाही नाही.
त्यांची रेघ वेगळी होती:
शेवटच्या रात्री बाराही तंबोऱ्यांच्या तारा
त्यांनी अर्ध्या सैल केल्या, घोड्या काढून ठेवल्या,
आणि मुके तंबोरे भिंतीला एका ओळीत उभे राहिले.
समुद्राची हवा म्हणून
आत पांढऱ्या पुड्या घातल्या, खारट दिसणाऱ्या.
मुनाफच्या पोरानं एक चाखायचा प्रयत्न केला.

आणि मग, फाइल बंद केल्यावर,
अब्बांनी बारा छोटी पाकिटं पुढं केली.
जवारीचा दोरा.
तिकडं कुठं मिळणार त्यांना?
मी कुंभोजकरांना फोन लावला.
"यादीत घाला," ते म्हणाले. "दोरा, सुती, बारा नग.
किंमत?"
काही नाही, असाच देतोय.
"शून्य चालत नाही ताई. काहीतरी लिहा."

अब्बांनी बराच वेळ विचार केला.
तंबोऱ्याची किंमत सांगताना इतका केला नव्हता.
"तो सरकवल्याशिवाय तार बोलत नाही," एवढंच म्हणाले,
ही किंमत होती का नाही मला कळलं नाही.
मी एकेक सेंट लिहिलं.
बारा सेंट वाढले, एकूण बदललं,
इन्व्हॉइस, यादी, विमा, सगळं
चौथ्यांदा छापायला
रात्री साडेदहाला मिशन चौकात
झेरॉक्सवाल्याचं अर्धं शटर वाजवलं.
"परत?" तो म्हणाला.