ओल

हार्ड डिस्कमध्ये माझ्या नऊशे बारा भिंती आहेत.
एकही घराला धरून उभी नाही.
चिरा त्याच्या भोकांपुरता,
चुना सुटत्या पापुद्र्यापुरता,
आणि आमोण्याला खाण बंद झाल्यापासून
बांधून ठेवलेल्या बार्जची कूस,
हात लावला तर तळव्यावर दुपारपर्यंत राहणारी.
फोटो काढताना मी नाव कापते, नंबर कापते,
खिळ्याला अडकवलेला टॉवेल कापते.
बेतीला मिंगेल विचारतो, "बोट नको? नुसती साल?"
हो, नुसती साल.

तो डबा ढवळत राहतो.
"आम्ही सगळं खरवडत नाही," म्हणतो,
"जुना रंग धरून असेल तर नवा वरून मारायचा.
खाली माझ्या बापाचा हिरवा आहे.
त्याच्या खाली कुणाचा,
ते बोट पाण्यात असताना विचार तिलाच."

रात्री डिचोलीच्या खोलीत, पंखा दोनवर,
मी लेअर टाकायला घेते.
तळाला चिरा. त्यावर गंज, मल्टिप्लायमध्ये,
म्हणजे काळं ते आणखी काळं होतं
आणि पांढरं मुकाट निघून जातं.
मग रायबंदरच्या खिडकीतला शिंपल्याचा तुकडा,
अठ्ठावीस टक्के.
उजेड आत घेणार, माणूस दाखवणार नाही,
असली त्याची जुनी सवय.
मग पेजेच्या टोपाचं बूड. ते चालेना.
टोप फिरवला, उलटा केला, ताणला,
तरी भूकच दिसत होती. काढला.

प्रत्येक लेअरपुढे एक बारीकसा डोळा असतो.
दाबला की मिटतो
आणि एक भिंत गायब.
त्या पहाटे मी सतरा डोळे उघडे ठेवून झोपले,
लॅपटॉप पोटावर, मांजरासारखा गरम.

कळंगुटच्या हॉटेलने अकरा प्रिंट घेतले,
पलंगांच्या उशाशी लावायला.
मॅनेजर म्हणाला, छान आहेत, पण यात
गोवा जरा कमी पडतोय.
निळा वाढवता येईल का?
मी वाढवला. खोलीचं भाडं थकलं होतं.
मिंगेलच्या बोटीचाच निळा,
वल्ह्याने घासून घासून भुरका झालेला.
त्यांना तो समुद्र वाटला.

महिन्याने फोन.
दोनशे चारमध्ये भिंतीला ओल आलीय,
तुमच्या चित्रातून झिरपतेय असं
हाउसकीपिंगवाल्या बाईचं म्हणणं, जरा येऊन बघा.

सुकांती वेळीप. रिवणकडची.
एका हातात फडकं, दुसऱ्यात फवाऱ्याची बाटली.
उजव्या खालच्या कोपऱ्यावरची काच
ती तीन दिवस पुसत होती.
"हें वचना," मला म्हणाली,
जणू डाग माझ्याच साडीवर पडलाय.

मी वाकून पाहिलं.
मयेची बंद पडलेली शाळा, मागची भिंत,
कमरेएवढ्या उंचीवर एक लांबट काळपट पट्टा.
पाटी पुसून झाली की मुलं
ओला हात तिथे घासून वर्गात शिरायची.
किती वर्षं, कुणास ठाऊक.
फोटो काढताना मला तो पट्टा दिसलाच नव्हता,
मी वरचं शेवाळ घ्यायला गेले होते.
आणि शिंपला, गंज, निळा, सगळ्यांच्या खालून
तो आला होता वर, अकरा टक्क्यांतून,
एका अशा बाईला दिसायला
जिचं सगळं आयुष्य ओल ओळखण्यात गेलं.

वचना. म्हणजे जात नाही.
मला मात्र क्षणभर मराठीतच ऐकू आलं ते,
कुणी कुणाला हाक मारावी तसं.

मॅनेजर दारात उभा, घड्याळ बघत.
काच बदलायची की भिंत, त्याला एवढंच हवं होतं.
मी सुकांतीच्या हातातलं फडकं मागून घेतलं
आणि कोपरा एकदा
पुसून पाहिला.