दहा बाय वीस

आमची वाट एका गाडीच्या रुंदीची.
रस्त्यापासून गॅरेजपर्यंत एकामागे एक उभं राहायचं,
आणि गॅरेजमध्ये राइमोची होडी,
जी गेली अकरा वर्षं दुरुस्त होते आहे.

थंडर बेच्या हिवाळ्यात रात्री रस्त्यावर गाडी सोडता येत नाही,
बर्फाचा नांगर फिरतो. उन्हाळ्यात सोडता येते,
पण तोवर अंगवळणी पडलेलं असतं.
राइमो उशिरा येतो, बंदरावरच्या धान्यकोठारातून,
म्हणून त्याचा ट्रक मागे, माझी गाडी पुढे, अडकलेली.
मला पाचला बेकरी उघडायची असते.

पावणेपाचला मी त्याच्या खांद्याला हात लावायची.
"ट्रक."
एवढाच शब्द. सव्वीस वर्षं.
तो उठायचा. पायजम्यावर जाकीट,
उघड्या पायांत बूट, नाड्या लोंबत,
उणे तीसमध्ये शिव्या घालत (मला नाही, इंजिनला)
ट्रक मागे घ्यायचा, मला जाऊ द्यायचा, पुन्हा आत आणायचा.
वळणावर आरशात दिसायचा
काचेवरच्या दहिवरात पुसलेला एक गोल
आणि त्या गोलात त्याचा हात.

गेल्या जूनमध्ये म्हणाला, पुरे. वय झालं.
कुणाचं, ते बोलला नाही.

नगरपालिकेच्या खिडकीतली बाई म्हणाली,
शेजारच्या हद्दीपासून तीन फूट सोडा,
पाणी त्यांच्याकडे जाता कामा नये.
खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली: दहा बाय वीस.
शेजारचे देजार्ले कॉफीचा मग घेऊन
दोन दिवस कुंपणाशी उभे, नुसते बघत.
तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मेपलचं मूळ आहे तिथे."
होतं. मनगटाएवढं.
राइमोने फावडं ठेवलं, मुळाशेजारी बसून विचार केला,
आणि जागा तिथून वळवली.
म्हणजे एका कोपऱ्यात नऊच.

हिरवळ चटईसारखी गुंडाळून निघाली.
खाली डॅफोडिलचे कांदे,
मीच लावलेले, आणि मीच विसरलेले.
मग काळं कापड. आम्ही दोघांनी मिळून अंथरलं,
तो त्या टोकाला, मी या टोकाला,
कोपरे ओढून, सुरकुत्या काढून,
पलंगावर चादर घालतो तसं.
मग खडी. मग भाड्याचं धुमसयंत्र, चार तासांचं भाडं;
कपाटातल्या बशा पाचव्या तासापर्यंत वाजत राहिल्या
आणि पाचव्याचे पैसे वेगळे द्यावे लागले.

जागा चांगली झाली.
पावसात तळं साचलं नाही.
देजार्लेसुद्धा एकदा येऊन बुटाने दाबून गेले.

आता मी अंधारातच कपडे करते.
किल्ल्या मुठीत घट्ट धरते, वाजू नयेत.
त्याला झोप मिळते. खरंच मिळते,
आणि मीच म्हणत आले होते ना इतकी वर्षं,
की बिचाऱ्याला झोप मिळत नाही.
मंगळवारी सुरू केलेलं वाक्य
आमच्याकडे गुरुवारी संपतं,
फ्रिजवरच्या चिठ्ठीत.
वळणावर मी अजून आरशात बघते,
मान आपोआप जाते.
घर दिसतं.

नोव्हेंबरात एका पहाटे बाहेर आले.
रात्रभर बर्फ पडलेला.
खडीची जागा कोरी, नीट चौकोनी, एक कोपरा दबलेला,
तिच्यावरून सशाच्या पावलांची एक रेघ.
आणि ट्रक माझ्या गाडीच्या मागे,
नाक टेकवून.

दमला असेल.
किंवा बर्फाखाली खडी दिसली नसेल.
मी उगीच थोडा वेळ उभी राहिले,
मग बूट न काढताच जिना चढले,
पायरीपायरीवर पाणी सांडत.

"ट्रक," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला, डोळे मिटूनच,
आणि पांघरूण बाजूला केलं.
मोजे त्याने आधीच घातलेले होते.