पट्टी

वामन बोटीवरून उतरला तेव्हा पेटीत
चार साबण, एक छत्री आणि ही कॅसेट.
कव्हरवर बाई. मांडीवर गोल, तव्यासारखं काहीतरी.
म्हणाला, बेंजो.
दादा चष्मा शोधायला उठले.
"ह्यो बेंजो? मगे ह्येका बटणां खंय?"

आमच्या निवतीत बेंजो म्हणजे फळीवर तारा,
वर टाइपरायटरची बटणं,
चतुर्थीला हातगाडीवर भोंग्याला जोडलेला.
दादांची पार्टी कोचऱ्यापर्यंत जायची.
खाऱ्या वाऱ्याचा गंज मी काढायचे, रॉकेलच्या बोळ्यानं,
आणि सूर लावायचे, घरात कान माझाच बरा म्हणून.
मग बेंजो बाहेर जायचा.

दुपारी पुळणीवर सुकट पसरलेली, कावळे हाकायला मी,
शेजारी टेप.
तंगूस ताणून धरावा आणि वाऱ्यानं वाजावा
तसा तिचा आवाज. सरळ. एक मुरकी नाही.
रडत नव्हती. कोण बुडालं ते आपण
बाजारात वाटे लावता लावता सांगतो ना,
तशी सांगत होती.
वामनला जेवढं कळलं तेवढं : डोंगरातली बाई,
कोळशाची खाण, "न्हवरो मेलो नायतर गेलो, तां काय गमना नाय."

तारा पाच होत्या. चारांच्या खुंट्या वर डोक्याशी,
पाचवीची मध्येच, दांड्याच्या कमरेला,
जागा उरली नव्हती म्हणून ठोकल्यासारखी.
तिच्यावर बोट पडत नाही. अंगठा येता-जाता छेडतो,
ती तेच म्हणते.
आमची द्वारकी आते अशीच, माजघरातून :
"बरां, बरां."

त्या वर्षी सप्ताहात मी बुवांना विचारलं होतं,
एक अभंग म्हणू?
म्हण, म्हणाले. पण पखवाज काळी एकचा,
"एका बायल माणसासाठी गट्टे कोण ठोकतलो?"
मी काळी एकमध्ये म्हटला.
दुसऱ्या ओळीला आवाज खाजणात रुतला, गुडघ्यापर्यंत,
ओढून काढला तर चप्पल आतच.
पेटीवाला हसला नाही, पण पान लावायला घेतलं.

पट्टी म्हणजे मला तोवर घरपट्टी.
दादांच्या नावावर.

कॅसेट पेन्सिलीनं किती वेळा मागे फिरवली असेल!
एकदा फक्त तिच्या मागचे आवाज ऐकत बसले.
पुरुष होते. दोघे की तिघे.
चढून आले होते तिच्यापर्यंत,
गळ्याच्या शिरा इथून दिसाव्यात इतके ताणून,
तिच्या पट्टीत.
सुकट कावळ्यांनी नेली. आई त्याबद्दल दोन दिवस बोलत होती.

संध्याकाळी बेंजो खाली घेतला, चावी घेतली,
काळी एकपासून वर.
दादा खळ्यात जाळं विणत होते. मान न उचलता :
"तार तुटतली गो."
तुटली. मनगटावर ओरखडा उठला.
दुसरी घातली.
काळी चारला थांबले तेव्हा बेंजो
ओळखू येईना, एवढा पातळ बोलला.
दादांनी सुई बाजूला ठेवली, हात लुंगीला पुसले,
आणि काही न बोलता बटणांवर बोटं ठेवली.
तोच अभंग. शेवटपर्यंत.
शेजारची शेवंती कुडणापाशी उभी होती, हातात कोयती,
नंतर म्हणाली, मला वाटलं रेडिओ.

सप्ताहात नाही गायले. तो पखवाज अजून काळी एकचाच.

दादांना जाऊन नऊ वर्षं झाली.
कॅसेटला बुरशी धरली, वामनचा मुलगा म्हणतो
हल्ली सगळं फोनवर मिळतं,
त्या बाईचं नाव सांग.
नाव कव्हरवर होतं. कव्हर पावसात गेलं.

चतुर्थीला पार्टीची पोरं बेंजो मागायला येतात.
नेतात, तारा उतरवतात, अनंत चतुर्दशीला
गुलाल लागलेला परत आणून देतात.
मी पुसते.
चढवते.